आम्ही आहोतच

छापखान्याच्या फोरमनचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुपारी जेवून येतो तर मालकाने त्याचं टेबल खिडकीपासून उचलून संडासाच्या दाराशी मांडलेलं!

“दादा, हा आपल्या सगळ्यांचा अपमान आहे,” बाइंडर कळवळून म्हणाला.

“राजीनामा फेका तोंडावर! तुमच्यामागोमाग आम्ही आहोतच,” मशीनवाल्याने री ओढली.

झालं! फोरमन तरातरा केबिनमध्ये गेला आणि उभ्या हयातीची नोकरी एका ओळीत लिहून मालकापुढे आपटली. मालकाने कागद ठेवून घेतला. छाती काढून फोरमन बाहेर आला. “चला, आता तुमचे राजीनामे द्या!”

सगळे त्याच्या टेबलाभोवती अदबीने उभे होते.

 

“दादा, आधी निरोपाचा केक कापा. सकाळपासून आणून ठेवलाय, क्रीम वितळायला लागलंय.”