शेवटची सात मिनिटं

सामन्याची सात मिनिटं उरली होती आणि लॉर्नच्या गाडीमागे कुणीतरी आडवा पिकअप लावून ठेवला होता.

"कुठल्या शहाण्याचा आहे हा?" तो एकटाच ओरडला. उणे तीस थंडी. वादळ यायच्या आत सास्काटून गाठायचं होतं, चांगलं तीनशे किलोमीटर. मोठ्या आइस हॉकी संघासाठी पोरं हेरत हिंडायचं म्हणजे निम्मा जन्म असल्या पार्किंगमध्येच जातो. इतर संघांचे हेरणारे केव्हाच पसार झाले होते. इथल्या संघाने एकाला सहा असा मार खाल्ल्यावर थांबतंय कोण?

तसं काम झालंच होतं. सतरा नंबर, कोल्बी वीब, डावा विंगर. हातात जादू नाही, पण पाय! पक, खेळातली ती रबरी चकती, कोपऱ्यात गेला की हा मागे गेलाच, मग अंगावर दोघे येवोत की तिघे. पहिल्या पीरियडलाच लॉर्नने वहीत लिहिलं होतं : 'कुणी बघत नसलं तरी पळतो.' सोमवारच्या बैठकीत जूनच्या निवडीसाठी त्याला एकच नाव रेटता येणार होतं. ते हेच. दुसरं कुणी या पोराला विचारत नव्हतं.

चडफडत तो परत आत गेला. तिकीटखिडकीतल्या बाईंनी माइकवर पिकअपचा नंबर पुकारला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारला.

"मालक बहिरा दिसतोय," बाई म्हणाल्या. "कॉफी घ्या तोवर."

कॉफी नको होती. लॉर्न बर्फाच्या मैदानाकडच्या दाराच्या काचेआड उभा राहिला, जॅकेटची चेन खालीवर करत.

बाकावर बसलेल्या सतरा नंबरने मान वर केली. हेरणारे बसतात त्या वरच्या रांगेकडे पाहिलं. रांग रिकामी. पोरगा पाणी प्यायला, पुन्हा एकदा पाहिलं.

मग तो बर्फावर उतरला. पक कोपऱ्यात गेला. चार ढांगांवर होता. सतरा नंबरने काठी मांड्यांवर आडवी धरली आणि निवांत घसरत बाकाकडे वळला.

"अरे पळ ना, गाढवा!" लॉर्नने काचेवर गुद्दा मारला. आत ऐकू जाणार कसं? पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

दमला असेल, लॉर्नने स्वतःला समजावलं. सतरा वर्षांचं पोर. पण मन घेईना. शेवटी त्याने वही काढली आणि ते वाक्य खोडलं.

भोंगा वाजला. बाहेर एक जाडा माणूस पिकअपशेजारी चावी घेऊन उभा होता, नाक लालभडक, चेहरा ओशाळा.

"मी आर्लेन वीब. कोल्बीचा बाप. रागावू नका साहेब, मुद्दामच लावला होता मी."

"मुद्दाम?"

"तुम्ही लोक दर वेळी लवकर उठता हो. पोरगा शेवटपर्यंत मरमर मरतो, बघायला कुणी नाही. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी बघू दे. नंबर पुकारला तसा मी संडासात जाऊन लपलो. मलाच काही बघायला मिळालं नाही!" तो हसला. "तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

आर्लेनचा चेहरा खुलला. लॉर्नच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ तो आपल्या बाहीने पुसायला लागला.

"बघा, माझा पिकअप नसता तर तुम्ही केव्हाच गेला असता."

"हो," लॉर्न म्हणाला. "केव्हाच गेलो असतो."