लोखंडी दंडावरचं नाणं

हलीमादादींना वाचता येत नसे, पण चित्रातली चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. नात जिक्राचं कॉमिक तासाभरात पनवेलच्या छापखान्यात जायचं होतं.

"दादी, बघ ना! सन बावीसशे. लढाईत शहर जळतंय आणि पोरांना सोडवायला माझा रोबो एकटा आत घुसतोय. पोरं वाचतात, तो मरतो. एकदम भारी शेवट!"

दादींनी चष्मा नाकावर दाबला. "लढाईला निघाला आणि दंड उघडाच? इमामजामीन कुठाय? आपल्यात दुबईला निघालेल्यालासुद्धा दंडावर नाणं बांधल्याबिगर उंबरा ओलांडू देत नाय."

"अगं, तो लोखंडाचा आहे! त्याला आई नाही, कोण बांधणार?"

"घडवला कुणी?"

"मी."

"मग माझं तोंड काय बघतेस? बांध!"

जिक्रा हसत त्या लोखंडी दंडावर नाणं गुंडाळलेलं हिरवं कापड रंगवू लागली आणि मध्येच थांबली. बांधलेलं नाणं माणूस घरी परतल्यावरच सोडतात, मग त्याची खैरात करतात. तिनं शेवटचं पान टराटरा फाडलं.

"दादी, छापखान्याला फोन लाव, शेवटचं पान नव्यानं काढतेय म्हणावं. माझा पोरगा घरी यायचाय!"