पायाचा निकाल

फोन वाजला तेव्हा एलिएत दोरीवर टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उघडून अळ्यांची घाण झटकत होती. जंगलातून अळ्या आणायच्या, त्यांचे पतंग होईपर्यंत त्यांना पोसायचं, हेच तिचं काम. गुआनाकास्ते प्रांतात वीस वर्षं तेच करून गावात तिचं नाव 'अळीवाली' पडलं होतं.

फोन राजधानीतून, पतंगांच्या अभ्यासक डोन्या मिरेयाचा. एरवी मोजूनमापून बोलणारी ही साहेबीणबाई आज नुसती धापा टाकत होती. एलिएतनं जानेवारीत पाठवलेल्या पतंगाचा एक पाय तोडून डीएनए तपासणीला दिला होता, त्याचा निकाल आला होता. जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळत नाही, अगदी नवी जात. आता जिथं ही अळी सापडली त्या ओढ्याकाठच्या उताराला कोण हात लावतो तेच बघते, सोमवारी कागद घेऊन मंत्रालयात जाते, असं ती सांगत सुटली.

उतार गुरुवारीच बुलडोझरनं साफ झाला होता. तिथं आता अननस लागणार. त्या पतंगाची अळी एकाच झाडाचा पाला खाते, आणि ते झाड त्या उताराखेरीज एलिएतला आजवर कुठं दिसलं नव्हतं. शेवटच्या पिशवीत त्याच जातीच्या करंगळीएवढ्या सात अळ्या होत्या आणि पानं उरली होती दोन.

तेवढ्यात तिचा भाऊ उलिसेस खांद्यावर पोतं घेऊन फाटकातून आत आला. बुलडोझर त्यानंच चालवला होता. तो नाही म्हणाला असता तर दुसरा कुणी चढला असता, हे तिलाही कळत होतं, तरी गुरुवारपासून तिनं अबोला धरला होता. माझ्या पोरांपेक्षा तुझ्या अळ्यांचेच लाड जास्त, म्हणून टोमणे मारणारा हा गडी आज मान वर करीना. त्यानं पोतं उपडं केलं. फांद्या त्याच झाडाच्या होत्या. पानं मात्र वाळून खडखडीत झाली होती.

"पाणी मारलं तर चालेल का गं?"

फोन कानाशी तसाच धरून तिनं त्यातल्या त्यात ओलसर पान हुडकलं आणि पिशवीत सोडलं. एक अळी सरकत आली, पानाच्या कडेला तोंड लावून माघारी फिरली. भावाचा राग यायला हवा होता. पण त्याचे खरचटलेले हात बघून तोही येईना, नुसतं रडू येत होतं.

डोन्या मिरेयाचं चालूच होतं. शोध तुमचा, तेव्हा नावही तुम्हीच ठेवा, बोला, काय ठेवायचं?

"नावाचं मागाहून बघू, डोन्या," एलिएत म्हणाली. "सातजणी आहेत माझ्याकडे. त्यांना आज खायला काय घालू, तेवढं सांगा."