कोपऱ्यातली चौकट

"हे वाक्य माझ्या हातून व्हायचं नाही, साहेब," असं म्हणून बाईंनी बातमीचा कागद संपादकांपुढे ठेवला.

बाई म्हणजे बातम्या चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात, एका छोट्या चौकटीत दिसतात त्या. निवेदिका जे बोलते ते त्या हातांच्या खुणांनी बहिऱ्यांना सांगतात. अंगात बिनडिझाइनचा काळा सदरा, बोटात साधी अंगठीही नाही, कारण हात स्वच्छ दिसले पाहिजेत. वाक्य होतं काल कारखान्यात लागलेल्या आगीचं: 'भोंगा वेळेवर वाजला होता; मात्र कामगारांनी त्याकडे दुर्लक्ष केल्याने सहा जणांना प्राण गमवावे लागले.'

"आग लागली त्या विभागात सगळे बहिरे आहेत," बाई म्हणाल्या. "यंत्रांच्या आवाजाचा त्रास होत नाही म्हणून मुद्दाम घेतलेले. वर त्याचीच जाहिरात, आम्ही किती दयाळू! माझा भाऊ तिथेच कामाला आहे. दाराजवळ होता म्हणून वाचला. भोंग्याबरोबर लाल दिवा लागायला हवा ना? तो कधी बसवलाच नाही."

संपादकांनी उठून दार लोटून घेतलं. कारखाना ज्यांचा, वाहिनीही त्यांचीच. त्यामुळे बातमी वरून शिजून आली होती, इथे फक्त वाढायची होती. संपादक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण वरच्या मजल्यावरून फोन आला की ते खुर्चीतून उठून उभे राहत.

"ताई, तुम्ही दुभाषी. जे वाचलं जाईल तेच हातांनी सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, हा तुमच्याच कामाचा नियम ना?"

नियम होता खरा, आणि बाईंनी तो आजवर मोडला नव्हता. त्या चौकटीत उभं राहून त्यांनी धडधडीत थापासुद्धा इमानेइतबारे पोचवल्या होत्या. पण मेलेल्यांच्याच माथी खापर फोडायचं, तेही त्यांच्या भाषेत, त्यांच्या आयांना, आपल्या हातांनी? बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. कागद उचलून त्या दाराकडे वळल्या.

"आणि चेहरा जरा कमी हलवा," संपादक मागून म्हणाले. "वरून तक्रार आहे."

खुणांच्या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. हे संपादकांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

एकच्या बातम्या लागल्या. निवेदिकेने ते वाक्य गोड आवाजात, न अडखळता वाचलं. चौकटीत बाईंचे हात चालू होते.

'भोंगा वाजला. ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. दिवा बसवलाच नव्हता. गेलेल्यांची काही चूक नाही. ज्यांना हे समजतंय त्यांनी तीन वाजता कारखान्याच्या फाटकापाशी यावं.'

मग हवामान आलं. उद्या आकाश निरभ्र राहणार होतं, ते बाईंनी जसंच्या तसं सांगितलं.

"बघा, अडलं का काही?" बाहेर आल्यावर संपादक म्हणाले. "उगाच त्रागा करून घेता."

साडेतीनला तेच संपादक रंगभूषेच्या खोलीत धावत आले. हातात फोन, कपाळावर घाम.

"फाटकावर ही गर्दी जमलीय! घोषणा नाही, आरडाओरडा नाही, नुसते उभे. पहारेकरी कर्ण्यावरून बोंबलताहेत, घरी जा, घरी जा. समोरचे ढिम्म! ताई, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

बाईंनी सांगितलं. एकेक वाक्य, मोठ्याने, जसंच्या तसं. आरशापुढे बसलेल्या निवेदिकेचा पावडरचा हात गालावरच थांबला.

"तुम्ही..." संपादक मटकन खुर्चीत बसले. "अहो, नोकरी जाईल तुमची! माझीही जाईल!"

"जाईल."

"वरून निरोप आहे. चारच्या बातम्यांत तुम्हीच सांगायचं. दुभाष्याकडून चूक झाली, माफ करा, सगळ्यांनी शांतपणे घरी जा. सगळे तिथे फोनवर आपलीच वाहिनी लावून बसलेत."

"दुसऱ्या कुणाला सांगा."

"दुसरं आहे कोण?" संपादक रडकुंडीला आले. एवढी मोठी वाहिनी, एवढा मोठा कारखाना, आणि शेकडो बहिरे कामाला ठेवून त्यांच्याशी दोन शब्द बोलू शकेल असा माणूस दोन्हीकडे मिळून एकच होता. स्वस्तात भागत होतं तोवर ते कुणाला खुपलंही नव्हतं.

बाई उठल्या. सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या.

"ठीक आहे. उभी राहते मी."

संपादकांचा जीव भांड्यात पडला. "माफीच मागाल ना?"

"मी काय मागितलं," बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला सांगणार कोण, साहेब?"

आणि त्या आत गेल्या. चार वाजले. निवेदिकेने माफीचं वाक्य वाचायला घेतलं, पण या वेळी तिचा आवाज अडखळला. चौकटीत बाईंनी हात उचलले. काचेपलीकडे संपादक नाक टेकवून, डोळे फाडून त्या हातांकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यांना एक अक्षरही कळत नव्हतं.