वाजायचा राहिलेला भोंगा

"बटन तूच बंद केलं होतंस," गावात भोंगा बसवणारे राजदीप सर म्हणाले. "मशीन आपणहून गप्प बसत नाही."

बुधूने मान हलवली. "मी हात बी नाई लावला जी."

ग्रामपंचायतीच्या ओसरीत, टेबलावर भोंग्याचा डबा आणि त्याचा सेन्सर ठेवला होता. तलावापलीकडच्या वाटेने जंगलातून काही आलं, की सेन्सर ते हेरतो आणि भोंगा वाजतो. मंगळवारी वाघ आला, भोंगा वाजला नाही. सोनीबाई तेव्हा तलावावर जाळं टाकत होती. आता ती टेबलाजवळच्या खांबाला टेकून बसली होती, उजवा हात गळ्यात बांधलेला. भोंगा सांभाळायचं काम बुधूचं. त्याचं घर तिच्या घराला लागून; मंगळवारपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

सरांनी लॅपटॉप जमलेल्या गावाकडे वळवला. "हा प्रोग्राम. 'मेन' म्हणजे मुख्य भागापासून सुरू होतो. शेवटपर्यंत बघा, चूक दाखवा."

गाव पडद्याकडे बघत राहिलं.

"तिथून सुरू होत नाही, सर," मागून दिव्या म्हणाली. ती नागभीडची, सरांच्याच चंद्रपूरच्या ऑफिसात इंजिनिअर.

"दिव्या, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मेनच्या आधी एक छोटा तुकडा चालतो. तो मेमरी पुसून शून्य करतो, मग मेनला हाक मारतो. आपल्या डब्यातल्या पुसायच्या ओळी तुम्ही काढायला लावल्या. कारण लाईट गेली की भोंगा किती वेळा वाजला तो आकडाही शून्य होत होता. पाहुण्यांना दाखवायला तुम्हाला तो मोठा हवा होता."

"समजन असं सांग बाई," सरपंच चंदाबाई म्हणाल्या.

दिव्या बुधूकडे वळली. "भाऊ, त्या दिवशी आधी वाजला होता का?"

"वाजला ना. पहाटं डुकरं आले तवा. ते पळाले आन् तेवढ्यात लाईट लपकली. लगेच आली बी."

दिव्याने डबा चालू केला आणि सेन्सरपुढे हात धरला. भोंगा ओरडला. तिने बटन बंद केलं, हात काढला, लगेच बटन चालू केलं. पुन्हा हात धरला.

भोंगा वाजला नाही. हिरवा दिवा तेवढा नीट जळत होता.

"वाजला की 'वाजलो' अशी खूण तो मेमरीत करतो. जनावर गेलं की खूण पुसतो. पण ते जातानाच लाईट गेली, तर पुसायचं राहून जातं. लाईट आल्यावर आधी पाटी कोरी व्हायला हवी. ती होत नाही. मग पुढचं जनावर आलं तरी त्याला वाटतं, आपलं वाजून झालं."

बुधू हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळीत परदा ओढतो. तो म्हणाला, "आमच्या इथी एकदा मांगच्या सीनचा मुडदा उचलाचा राह्यला, आन् मी परदा उघडला. समोर लगन लागून राह्यलं, आन् मुडदा मधात."

दोघंतिघं हसले. सोनीबाईने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"मग आज सकाळी मी तपासला तेव्हा कसा वाजला?" सरांनी विचारलं.

"वाघ परत गेला तेव्हा खूण पुसली गेली, सर. त्याच्यानंतर येणाऱ्यांसाठी भोंगा ठीक आहे."



सरांनी लॅपटॉप मिटला. "दिव्या, आपण गाडीत बोलू." मग सरपंचांकडे वळून आवाज खाली आणला. "तांत्रिक बाब आहे, बाई. तूर्त याच्या हातून चुकून बंद झाला, असं धरू. त्याला दुसरं काम देऊ. हेच डबे बाकीच्या गावांतही आहेत. उगाच घबराट नको."

"काऊन?" चंदाबाई म्हणाल्या. "त्या गावात मानसं नाई राहात?"

दिव्याचा हात अजून सेन्सरपुढे होता. तिने तो काढला आणि पुन्हा धरला.

भोंगा वाजला. पारावरची कुत्री भुंकत उठली. शाळेतली पोरं दारात आली.

सरांनी बटनाकडे हात नेला. सोनीबाई खांबाचा आधार घेऊन उठली होती. तिने डावा तळवा बटनावर आडवा ठेवला.

"वाजू द्या," ती म्हणाली. "मंगळवारचं राह्यलं हाये."