खुणेला उत्तर नाही

"नुसतं बोट नाही दाखवायचं, अण्णा. तोंडानं बोला."

वैजयंती कॉलेजात मानसशास्त्रातला वर्तनवाद शिकवायची. हवं ते वागणं दिसलं की लगेच बक्षीस द्यायचं, नको त्याकडे दुर्लक्ष करायचं. पक्षाघातानं वाचा गेलेल्या वडिलांवरही तिनं तेच सुरू केलं. 'चहा' म्हटलं की चहा, 'पाणी' म्हटलं की पाणी. खुणेला उत्तर नाही. पंधरवड्यात अण्णा चार शब्द बोलू लागले आणि ती शेजारीपाजारी कौतुकानं सांगत सुटली.

आज ते संडासाकडे बोट दाखवत राहिले. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. तिनं ठरल्याप्रमाणे पाठ फिरवली.

परत वळून पाहिलं, तर अण्णांचं धोतर ओलं झालं होतं. चाळीस वर्षं शाळा चालवलेला माणूस मान खाली घालून बसला होता.

"चुकलो," ते चाचरत म्हणाले.

हा शब्द तिनं शिकवला नव्हता. लाजेनं तिला त्यांच्याकडे बघवेना.

"तुम्ही नाही, अण्णा. मी चुकले," म्हणत ती त्यांच्या पायांशी बसली. त्यांचा हात दोरीवरच्या सुक्या धोतराकडे वळू लागला. तो पुरता उचलला जाण्याआधीच ती उठली होती.