स्पोर्ट मोडचं बटण

"स्पोर्ट मोडचं जादा पॅकेज कशाला गं?" शोरूममध्येच मी माझ्या लेकीला, केतकीला टोकलं. "कोल्हापुरातल्या खड्ड्यांत रेस लावणार आहेस?"

"चालवून तर बघू, आबा."

मी चाळीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून गाड्या दुरुस्त केल्या. दोन वर्षांपूर्वी कान अधू झाले. यंत्र लावून माणसांचं बोलणं कळतं, इंजिनाचं बारीक दुखणं कळत नाही. तेव्हापासून मी गॅरेजची पायरी चढलो नव्हतो. केतकी एकटीच सांभाळायची.

पन्हाळ्याच्या चढाला गाडी इतकी गुपचूप चालली, की बंद पडली असं वाटून मी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. तेवढ्यात केतकीनं स्पोर्ट मोडचं बटण दाबलं. सायलेन्सर मोकळा झाला आणि इंजिनाची थरथर तळव्यातून खांद्यापर्यंत आली. गाडीला हा गिअर जड जातोय, हे मला हातानंच कळलं.

"तिसरा टाक! गुदमरतेय ती."

केतकीनं टाकला. गाडी सुसाट निघाली.

"काय मग आबा, पॅकेज नको ना?"

"घे की," मी म्हणालो. तळवा अजून तिथंच होता. "आणि उद्या गॅरेज उघडायला जाताना मला हाक मार."